शिंगाळ्याचे कान

गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागात गोदावरीकाठी राहणाऱ्याला वाळूच्या बोटीचा आवाज सांगावा लागत नाही. निजानीज झाली की नदीच्या अंगाने डिझेल इंजिनाची एकसुरी धडधड सुरू होते ती पहाटेपर्यंत. गावात या धडधडीवर बोलणं निघतं ते बुडालेल्या महसुलाचं, हायवांनी उखडलेल्या रस्त्यांचं आणि खाली गेलेल्या विहिरींचं. ते सगळं खरंच आहे आणि त्यावर भरपूर लिहिलंही गेलंय. पण हाच उपसा चालू असताना पाण्याच्या आत काय ऐकू येत असेल, आणि ते ऐकणाऱ्याचं काय होत असेल, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

पाण्याच्या तळातली वाळू, गाळ, मुरूम यंत्राने उपसण्याला ड्रेजिंग म्हणतात. शब्द ऐकला की बंदर आणि मोठी जहाजं डोळ्यांपुढे येतात. परभणीपासून समुद्र चारेकशे किलोमीटर दूर. त्यामुळे ‘ड्रेजिंगचा आवाज आणि जलचर’ हा विषय मुंबई-रत्नागिरीवाल्यांनी बघावा, असं वाटणं साहजिक आहे. अभ्यासही बहुतेक समुद्रातच झाले. पण शिंगाळा, रोहू, कतला, मृगळ हे आपल्या नदीतले मासे समुद्रातल्या बहुतेक माशांपेक्षा जास्त तिखट कानाचे आहेत. म्हणून हा विषय जितका वाढवण बंदराचा, तितकाच गंगाखेडचा.

आधी बोट पाहू. लोखंडी पिंप एकमेकांना जोडून केलेला तराफा, वर डिझेल इंजिन, त्याला जोडलेला पंप, पंपातून तळाला सोडलेला जाड पाइप. लोक याला सेक्शन पंप म्हणतात. तळाची वाळू पाण्यासकट वर खेचली जाते आणि पाइपांच्या रांगेतून काठावरच्या जाळीवर पडते. जिथे पाणी कमी आहे तिथे ट्रॅक्टरला लोखंडी केनी बांधून वाळू ओढतात. मुंबईच्या समुद्रात चालणारा सक्शन ड्रेजर याच तत्त्वावर चालतो. फरक आकाराचा आणि कागदपत्रांचा.

काठावर आपल्याला ऐकू येतो तो मुख्यतः इंजिनाच्या धुराड्याचा आवाज. हवेतून पाण्यावर पडणाऱ्या आवाजाची ऊर्जा जवळजवळ सगळी पृष्ठभागावरून परत फिरते, हजारातला एखादा भागच आत शिरतो. त्यामुळे ती धडधड माशापर्यंत फारशी पोहोचत नाही. माशाला दुसरंच काही ऐकू येतं. इंजिनाचं कंपन पिंपांच्या पत्र्यातून थेट पाण्यात उतरतं, पंपाचं पातं फिरताना बुडबुडे फुटतात, आणि पाइपाच्या आतल्या भिंतीवर वाळू-खडी घासत, आपटत जाते. पाण्यातला हा आवाज तितक्याच निगुतीने पृष्ठभागाखाली कोंडला जातो. काठावरचा माणूस आणि तळाचा मासा एकाच यंत्राचे दोन वेगळे आवाज ऐकतात. त्यातला एक माणसाच्या कानी कधी पडतच नाही, म्हणून त्याची तक्रारही होत नाही.

पाण्यात आवाज चालतो भरधाव. १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात कोलाडॉन आणि स्टुर्म या दोघांनी हे मोजलं. एका नावेवरून पाण्यात बुडवलेली घंटा वाजवायची, त्याच क्षणी दारूचा भडका उडवायचा, आणि कित्येक किलोमीटरवर दुसऱ्या नावेतून पाण्यात नळी घालून कान देऊन बसायचं. भडका दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजून त्यांनी वेग काढला, सेकंदाला १,४३५ मीटर. हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. आजच्या उपकरणांनी काढलेला आकडाही याच्या अगदी जवळ आहे. वेगापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पाण्यात आवाज फार कमी विरतो. हवेत शे-दोनशे मीटरवर संपेल असा आवाज खोल पाण्यात कित्येक किलोमीटर जाऊ शकतो.

इथे डेसिबलची एक खोच आहे आणि तिच्यात वर्तमानपत्रं वारंवार अडकतात. ‘ड्रेजरचा आवाज १८० डेसिबल, म्हणजे विमानापेक्षा भयंकर’ अशी वाक्यं छापून येतात. हवेतला डेसिबल २० मायक्रोपास्कल दाबाच्या तुलनेत मोजतात, पाण्यातला १ मायक्रोपास्कलच्या तुलनेत. शिवाय पाणी हवेपेक्षा कितीतरी जड. दोन्हींचा हिशेब धरला तर पाण्यातल्या आकड्यातून साधारण ६२ वजा केल्यावर हवेतल्या आकड्याशी त्याची ढोबळ तुलना होते. ड्रेजरचा आवाज त्याच्यापासून एक मीटरवर साधारण १६० ते १९० डेसिबल भरतो. वजाबाकी केली की उरतात शंभर ते सव्वाशेच्या आसपास. कानठळ्या बसवणारा आहे, पण बॉम्बस्फोट नाही. ड्रेजरच्या आवाजाने मासे मरून वर तरंगल्याचं सहसा दिसत नाही. पुलाचे खांब ठोकताना किंवा तेलाच्या शोधात हवेचे बार काढताना होणाऱ्या आघाताने माशांचे अवयव फाटू शकतात. ड्रेजरची गोष्ट वेगळी, तो थांबत नाही. दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे, मोठ्या बंदरात महिनेच्या महिने. त्याच्या त्रासाचं मूळ या सलगपणात आहे.

ब्रिटनच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळातून बांधकामासाठी वाळू आणि खडी काढतात. तिथल्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या संशोधकांनी २०११ साली अशा ड्रेजरांच्या आवाजाची मोजणी प्रसिद्ध केली. ५०० हर्ट्झच्या खालच्या पट्टीत ड्रेजर साधारण एखाद्या मालवाहू जहाजाइतकाच आवाज करतो, असं दिसलं. १,००० हर्ट्झच्या वरचा आवाज मात्र जास्त होता आणि तो मुख्यतः पाइपातून वर येणाऱ्या मालाचा होता. वाळू असेल तर कमी, खडी असेल तर जास्त. पन्हाळीत दाणे ओतल्यावर ज्वारीपेक्षा हरभरा जास्त वाजतो, तसंच. हा तपशील लक्षात ठेवावा, नदीत त्याचं महत्त्व वाढतं.

आता ऐकणाऱ्यांकडे वळू. ‘मुक्या माशासारखा’ असं आपण म्हणतो, ते निदान घोळ माशाच्या बाबतीत साफ खोटं आहे. घोळ, ढोमा ही एका कुळातली मंडळी. त्यांच्या पोटात हवेने भरलेली एक पिशवी असते. तिच्या दोन्ही बाजूंचे स्नायू झपाझप आकसून पिशवीवर थाप मारतात आणि ढोलासारखा आवाज निघतो. विणीच्या दिवसांत नर हा ढोल वाजवून माद्यांना बोलावतात. हीच पिशवी म्हणजे कोळ्यांची ‘बोत’. ती वाळवून परदेशी जाते आणि सोन्याच्या भावात विकली जाते. २०२१ साली पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका नौकेला दीडशेच्या वर घोळ मिळाले, तेव्हा त्यांचा लिलाव सव्वा कोटी रुपयांच्या पुढे गेला होता. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ग्रांदे बेटाजवळ पाण्याखाली हायड्रोफोन ठेवून माशांचे असे सामूहिक गजर नोंदवले आहेत. संध्याकाळी हे गजर चढतात. माशांचे असे आवाज बहुधा शे-दोनशे ते हजारभर हर्ट्झच्या पट्टीत पडतात, आणि ड्रेजरचा जोरही त्याच पट्टीत असतो. ढोल वाजतो पण ऐकू जात नाही. मासा जखमी होत नाही, मरत नाही, फक्त त्याची हाक पोहोचत नाही. जहाजांच्या वाढत्या वर्दळीवर बोलताना शास्त्रज्ञ सर्वात जास्त काळजी या झाकोळण्याचीच करतात.

डॉल्फिनचं थोडं निराळं. अन्न शोधताना तो ज्या टिकटिक आवाजांचा वापर करतो त्यांची पट्टी फार वरची असते, तिथे ड्रेजरची सरळ आडकाठी कमी. पण आपसात बोलण्याच्या शिट्ट्या खालच्या पट्टीत येतात, आणि ज्या माशांवर तो जगतो ते मासेच आवाजाने हलले तर त्याला हलावंच लागतं. स्कॉटलंडच्या अॅबर्डीन बंदराच्या तोंडाशी डॉल्फिन नेमाने येतात. वर्षानुवर्षांच्या जहाजवाहतुकीला ते सरावलेले. तरीही ड्रेजिंगचं काम जितकं वाढलं तितका त्यांचा तिथला वावर कमी झाला, असं २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. ‘प्राण्यांना सवय होते’ हे ठेकेदारांचं आवडतं वाक्य आहे. सरावलेले डॉल्फिनही निघून गेले, ही गोष्ट त्या वाक्यासमोर ठेवायला हवी.

आपल्या कोकण किनाऱ्यावर नेहमी दिसणारा हंपबॅक डॉल्फिन पंचवीसेक मीटरपेक्षा उथळ पाण्यात, किनाऱ्याला धरून राहतो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत तो संकटग्रस्त आहे. बंदरं, खाड्यांची तोंडं, जहाजांच्या वाटा, म्हणजे जिथे ड्रेजर लागतो ते सगळं याच पट्ट्यात येतं. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. मोठी जहाजं आत यावीत म्हणून तिथली वाट टप्प्याटप्प्याने खोल करत नेली, आणि गाळ पुन्हा भरतो म्हणून ती उपसत राहावंच लागतं. डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, ३० ऑगस्ट २०२४ रोजी भूमिपूजन झालं. खर्च ७६ हजार कोटींच्या वर, आणि समुद्रात भराव घालून सुमारे १,४४८ हेक्टर जमीन तयार करायची आहे. एवढ्या भरावाला लागणारी वाळूही समुद्राच्या तळातूनच उपसायची. स्थानिक मच्छीमारांचा विरोध जुना आहे आणि त्यात मासेमारीची जागा जाण्याचा मुद्दा मोठा आहे. आवाजाचा मुद्दा तिथेही मागच्या बाकावर बसलेला असतो.

आवाज थांबला तर काय होतं, याची एक नोंद योगायोगाने मिळाली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर काही दिवस उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरची जहाजवाहतूक घटली. कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात पाण्याखालचा आवाज ६ डेसिबलने उतरला. त्याच काळात तिथे राइट व्हेल या देवमाशांची विष्ठा गोळा करण्याचं काम दुसऱ्याच कारणासाठी चालू होतं. २०१२ साली या दोन्ही नोंदी एकत्र मांडल्या गेल्या तेव्हा दिसलं, की शांततेच्या त्या दिवसांत देवमाशांच्या विष्ठेतलं ताणाचं संप्रेरकही उतरलेलं होतं.

एवढा समुद्र पाहून आता नदीत परतू.

घोळ ज्या पिशवीचा ढोल करतो ती शिंगाळ्याच्याही पोटात असते, पण तिथे तिचं आणखी एक काम आहे. पाण्यातला आवाज माशाच्या शरीरातून जवळजवळ आरपार जातो, कारण मांस आणि पाणी यांची घनता सारखीच. हवेची पिशवी मात्र त्या दाबाने आकसते, फुगते, थरथरते. शिंगाळा, मागूर, रोहू, कतला, सायप्रिनस अशा माशांत या पिशवीपासून थेट कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. पाठीच्या कण्याचे पुढचे मणके बदलून ती बनली आहे. जर्मन शास्त्रज्ञ वेबर यांनी १८२० साली तिचं वर्णन केलं, म्हणून ती वेबरची हाडं. पिशवी झाली पडदा, हाडांनी ती थरथर कानाला पोहोचवली. जवळजवळ आपल्या मधल्या कानासारखीच ही व्यवस्था, फक्त वेगळ्या हाडांतून आणि आपल्या कितीतरी आधी उभी राहिलेली. समुद्रातले बरेच मासे पाचशे ते हजार हर्ट्झच्या वर फारसं ऐकत नाहीत. वेबरची हाडं असलेले दोन-तीन हजारांपर्यंत आणि काही त्याहीपुढे ऐकतात, तेही हलक्या आवाजात. गोड्या पाण्यातल्या माशांच्या निम्म्याहून अधिक जाती या गटातल्या आहेत. भोयाच्या जाळ्यात पडणाऱ्या माशांपैकी मरळ आणि वाम सोडले तर बहुतेक खपाऊ माल याच गटाचा.

मासे ऐकतात हे एकेकाळी विद्वानांनाही पटत नव्हतं. कार्ल फॉन फ्रिश यांनी एक आंधळा केलेला छोटा मिशाळ मासा पाळला आणि खाणं देताना दर वेळी शीळ घातली. काही दिवसांत नुसत्या शिळेवर तो मातीच्या नळीतून बाहेर येऊ लागला. हा प्रयोग त्यांनी १९२३ साली छापला. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे आणि १९७३ चं नोबेल मिळवणारे फ्रिश ते हेच. आणि शिंगाळा नुसता ऐकत नाही. पाण्याबाहेर काढल्यावर त्याच्या कल्ल्यामागचा काटा ताठ होतो आणि खोबणीत घासून करकरतो. ज्याने जाळ्यातून जिवंत शिंगाळा सोडवला आहे त्याने ती करकर ऐकलेली असते, बहुधा बोटात तो काटा घुसायच्या आत.

गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडा. मिशाळ मासे रात्री चरतात, मिशांनी चाचपतात, कानांनी अंदाज घेतात. वाळूच्या चोरट्या बोटीही रात्रीच चालतात. शिंगाळा वाळूच्या तळात खळगा करून अंडी घालतो आणि त्यांची राखण करतो. हा काळ उन्हाळ्याच्या अखेरीला सुरू होतो, आणि पाणी उतरलेलं असल्यामुळे उपशालाही तेव्हाच ऊत येतो. पंपाने तो खळगाच उपसला तर आवाजाचा प्रश्नच उरत नाही, हे खरं. पण शेजारच्या शेकडो खळग्यांवर राखण करणाऱ्या माशांना तो आवाज रात्रभर सोसावा लागतो.

त्याने काय होतं, हे प्रयोगशाळेत थोडंफार पाहिलं आहे. गोल्डफिश हा आपल्या सायप्रिनसचा नातलग. १६० ते १७० डेसिबलच्या गोंगाटात ठेवल्यावर दहा मिनिटांतच त्याचं ऐकणं मंदावलं, आणि एकवीस दिवस ठेवलं तेव्हा पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले, असं २००४ च्या एका अमेरिकन प्रयोगात दिसलं. २००६ साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी सायप्रिनससकट तीन जातींच्या माशांना अर्धा तास जहाजाचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला. तिन्हींत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलं. गंमत अशी की एकसारख्या सपाट आवाजाने ते वाढलं नाही, जहाजाच्या चढउताराच्या आवाजाने वाढलं. वाळू-खडी खेचणाऱ्या पंपाचा आवाजही सपाट नसतो. कधी घट्ट चिखल येतो, कधी खडी, कधी नुसतं पाणी.

उथळ पाण्याचा एक नियमही इथे आडवा येतो. पाणी जितकं उथळ तितका जाडा आवाज त्यात टिकत नाही. वाळूचा तळ असलेल्या ५ मीटर पाण्यात साधारण दीडशे हर्ट्झच्या खालचा आवाज लांब जात नाही, ३ मीटर पाण्यात ही सीमा अडीचशेच्या घरात जाते. म्हणजे इंजिनाची घरघर नदीत लवकर मरते. पण पाइपातल्या वाळू-खडीचा खरखराट या सीमेच्या बराच वर असतो, तो पुढे जातो. वेबरच्या हाडांचे मासे नेमके त्याच पट्टीत चांगलं ऐकतात. समुद्रातल्या ड्रेजरचा जो भाग तिथल्या बहुतेक माशांना ऐकूच येत नाही, तो नदीतल्या माशांच्या थेट कानात जातो.

आणि पळायला जागा नसते. अॅबर्डीनचे डॉल्फिन बंदर सोडून गेले, कारण त्यांच्यापुढे समुद्र होता. ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे ओळीने बांधल्यावर गोदावरी उन्हाळ्यात सलग नदी राहत नाही. बंधाऱ्यामागचं पाणी आणि मधले डोह उरतात. मासे तिथेच गोळा होतात. पाण्याखालची वाळू तिथेच असते म्हणून बोटही तिथेच येते. दुधना-पूर्णेची कथा वेगळी नाही. धरणातला गाळ कोरड्या पडलेल्या पात्रात पोकलेनने काढतात, त्या कामाला मात्र हा आक्षेप लागू नाही. पाणीच नाही तर पाण्याखालचा आवाज कुठला?

नदीतल्या गोंगाटावर आपल्या देशातही काम झालंय. बिहारमधल्या गंगेत मयूख डे, नचिकेत केळकर आणि सहकाऱ्यांनी गांगेय डॉल्फिनांचे आवाज नोंदवले. तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. पाणी उथळ झालं आणि यांत्रिक बोटी वाढल्या, की या जवळजवळ आंधळ्या प्राण्याला आपला आवाज बदलावा लागतो आणि त्यात त्याची जास्त शक्ती खर्ची पडते, असा त्याचा निष्कर्ष. गंगा १९८६ पासून पहिल्या क्रमांकाचा राष्ट्रीय जलमार्ग आहे आणि जहाजांसाठी तिथे पात्र खोल ठेवावं लागतं. २०१६ च्या कायद्याने भद्राचलमपासून नाशिकपर्यंतची गोदावरीही चौथ्या क्रमांकाच्या जलमार्गात धरली आहे. मे महिन्यात जिच्यातून शेळ्या पायी जातात त्या पात्रात जहाज कधी येईल ते येवो. पण कागदावर परभणी जिल्हा राष्ट्रीय जलमार्गावर आहे.

उपाय कठीण नाहीत. पंप आणि पाइपांची देखभाल, तराफा आणि इंजिन यांच्यामध्ये रबराची गादी, रात्री बंदी, आणि विणीच्या महिन्यांत डोहाला हात न लावणं. अडचण नियमाची आहे. आपले २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, पण ती हवेतल्या आवाजाची. पाण्यातल्या आवाजाला त्यांत जागाच नाही. बोट पकडली तर वाळूच्या ब्रासवर दंड बसतो, आवाजावर नाही.

एक दार मात्र उघडं आहे. केंद्राच्या जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेनुसार वाळूचा उपसा ठरवण्याआधी जिल्हा सर्वेक्षण अहवाल करावा लागतो. त्याचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस लोकांच्या हरकतींसाठी ठेवायचा असतो. गोदावरी, पूर्णा किंवा दुधनेकाठी तुमचं गाव असेल तर पुढच्या वेळी तो मसुदा काढून पाहा. तुमच्या शिवारातल्या कोणत्या डोहात शिंगाळा अंडी घालतो, कोणत्या महिन्यात घालतो, हे गावातल्या भोयांना विचारा, आणि तो डोह व ते महिने सोडून द्यावेत अशी लेखी हरकत त्या २१ दिवसांत द्या.